वासोट्याचा डोंगर आणि आपलं सोलापूर

आपल्या कार्यक्रमात नेहमी भीमा आणि सीनेच्या मधल्या पट्ट्याचा इतिहास असतो. म्हणजे मंद्रूप, हत्तरसंग, कुडल, फार तर सोलापूरचा भुईकोट. आज मात्र अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर पश्चिमेला जायचंय, सातारा जिल्ह्यात, वासोट्यावर. तिकडं आपलं काय काम, असं कुणाला वाटेल. तर काम आहे. गेल्या डिसेंबरात आम्ही पाच मित्र तिथं जाऊन आलो. गेलो होतो खरं म्हणजे डोंगर बघायला, जंगल बघायला, मोबाईलला रेंज नसलेला एक दिवस काढायला. पण त्या डोंगरावरून सोलापूर जिल्ह्याकडे उतरलेली माणसं मला एकामागून एक आठवत गेली, आणि त्यातली काही तर अजून आपल्यातच राहताहेत.

आधी जागा कुठली ते सांगतो. साताऱ्याहून कास पठार ओलांडून खाली उतरलं की बामणोली. समोर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. वनखात्याची परवानगी काढायची, बोटीत बसायचं, आणि तास-दीड तास पाण्यावरून गेलं की डोंगराच्या पायथ्याला मेट इंदवली. तिथून चढ. हे सगळं कोयना अभयारण्य. हे अभयारण्य आणि दक्षिणेचं चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या जागांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात ही दोन्ही जंगलं आहेत. मुक्काम करता येत नाही. सकाळी जायचं, अंधार पडायच्या आत परत बोटीत. वनरक्षक पिशव्या तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या मोजतात, अनामत ठेवून घेतात, आणि परत येताना तेवढ्याच बाटल्या दाखवल्या तरच पैसे परत. ही पद्धत मला फार आवडली. आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत कुणी राबवून दाखवली तर त्याचा जाहीर सत्कार करू.

आता 'मेट' हा शब्द बघा. मेट म्हणजे किल्ल्याच्या वाटेवरची चौकी. गडाखाली मोक्याच्या जागी ही मेटं असायची आणि तिथले मेटकरी पिढ्यानपिढ्या राखणीचं काम करायचे. वर गडकरी, खाली मेटकरी, मधे जंगल. म्हणजे मेट इंदवली हे गाव किल्ल्याच्या नोकरीतून वाढलेलं गाव असणार. आज तिथं वनखात्याची चौकी आहे. गाव नाही. मारुती आणि गणपतीची पडकी देवळं आहेत, जोती आहेत, आणि पुढं ओढा लागतो. हे लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

चढ दोन-अडीच तासांचा. सुरुवातीला दाट झाडी, ऊन जमिनीला लागत नाही. आम्ही माळरानावरची माणसं. आपल्याकडे झाड म्हटलं की बाभूळ, लिंब, बांधावरची बोर. सावली शोधत जायची सवय असलेल्या माणसाला ऊन शोधत चालावं लागतं, ही मजा वेगळीच. जांभूळ, हिरडा, अंजनी, वर कारवी. एक शेकरू दिसलं, गव्याचं शेण दिसलं, वाघ अर्थातच नाही. मधे एक फाटा नागेश्वराच्या गुहेकडे जातो. सरळ गेलं की शेवटच्या टप्प्यात झाडी एकदम संपते आणि पायऱ्या, पडका दरवाजा, बिनछपराचा मारुती. समुद्रसपाटीपासून उंची ११७१ मीटर. पलीकडं बाबूकडा, घोड्याच्या नालेसारखा वळलेला, आणि खाली कोकण. तिथं आमच्यातले एक गुरुजी दहा मिनिटं गप्प बसले. शाळेत कधी गप्प न बसलेला माणूस! मग मागं वळून शिवसागराकडे बघून म्हणाले, "एवढं पाणी बघून पोटात दुखायला लागलं बे."

हसण्यावारी नेऊ नका. या खोऱ्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे साडेपाचशे-सहाशे पडला तर आपण वर्ष बरं गेलं म्हणतो.

बरं, इतिहास. वासोटा हा लढायचा किल्ला कमी आणि डांबायचा किल्ला जास्त. शिलाहारांच्या काळापर्यंत त्याचं मूळ नेतात. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली, आणि १६६० मध्ये, महाराज पन्हाळ्यावर अडकलेले असताना, त्यांच्या पायदळानं हा किल्ला घेतला. याचं नाव व्याघ्रगड. लगेच राजापूरच्या वखारीतले काही इंग्रज कैदी इथं आणून ठेवले. का इथंच? खाली उभा कडा, तिन्ही बाजूंना जंगल, आणि जंगलात शिरणारा प्रत्येक माणूस मेटकऱ्यांच्या नजरेखालून जाणार. पळून जाणार कुठं? जावळीचं रान म्हणजे निर्मनुष्य अरण्य, असं आपल्याला कादंबऱ्यांनी शिकवलंय. तसं ते कधीच नव्हतं. वाटा माहीत असलेली माणसं त्या रानात राहत होती, म्हणून तर अफजलखानाला तिथं ओढून आणता आलं.

पुढची दीडशे वर्षं सोडतो आणि ताई तेलिणीकडे येतो, कारण तिच्यापासून आपल्या जिल्ह्याची गोष्ट सुरू होते. पंतप्रतिनिधी परशुराम श्रीनिवास याचं आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्याचं वाकडं आलं. पंताला मसूरला अडकवून ठेवलं होतं. त्याच्याबरोबर राहणाऱ्या ताई तेलिणीनं वासोटा ताब्यात घेतला, माणसं जमवली आणि पंताला सोडवून आणलं. पेशव्यानं तिच्यावर बापू गोखल्याला पाठवला. पंत लढाईत जखमी होऊन पकडला गेला, त्याचा एक हात गेला, म्हणून लोक त्याला थोटे पंत म्हणायचे. ताई मात्र वासोट्यावरून हलली नाही. पेशवाईतला त्या वेळचा सगळ्यात नावाजलेला सेनापती खाली, आणि वर ही बाई. सुमारे आठ महिने. शेवटी गडावरची धान्याची कोठारं आगीत जळाली तेव्हा किल्ला पडला. हे १८०७-०८ चं. तिच्यावर आणि बापू गोखल्यावर रचलेलं एक चावट कवन अजून सातारा भागात ऐकवतात. त्यात कासोटा सांभाळायचा सल्ला गोखल्याला दिलाय, तिला नाही, एवढंच सांगतो. आमच्या गुरुजींचं म्हणणं, चौथीच्या पुस्तकात ती का नाही? मला उत्तर देता आलं नाही. नवरा-बायकोच्या चौकटीत न बसणारी तेलीण, आणि तिची लढाई पेशव्याविरुद्ध. कुठल्या धड्यात बसवणार?

दहा वर्षांनी हाच बापू गोखले मारला गेला तो आपल्या जिल्ह्यात. २० फेब्रुवारी १८१८, आष्टी. मोहोळ तालुक्यातली आष्टी, जुन्या कागदात गोपाळअष्टी. बाजीराव इंग्रजांपुढं पळत होता. जनरल स्मिथनं त्याला तिथं गाठलं. पेशवा निसटला, बापू गोखल्यानं अंगावर घेतलं आणि तलवारीचे वार खाऊन पडला. पेशव्याच्या छावणीत त्या दिवशी आणखी एक कैदी होता, आणि तोही वासोट्याहून आणलेला. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह.

हे जरा सावकाश ऐका. छत्रपती हे नावाचे मालक आणि पेशवा त्यांचा नोकर. पण युद्धाची चिन्हं दिसताच बाजीरावानं आपल्या मालकालाच कुटुंबासकट वासोट्यावर नेऊन ठेवलं. इंग्रजांच्या हाती छत्रपती लागले तर आपल्या नावानं काढलेल्या हुकमांना किंमत उरणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नंतर माणूस पाठवून प्रतापसिंहांना गडावरून काढून छावणीबरोबर फिरवलं. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमाची लढाई झाली तेव्हाही ते पेशव्याबरोबर होते. आष्टीला ते, त्यांची आई आणि भाऊ इंग्रजांच्या ताब्यात आले. महाराजांच्या गादीचा वारस एका कैदेतून दुसऱ्या, जरा सभ्य कैदेत गेला, तो आपल्या मोहोळच्या शिवारात.

वासोट्यावर मात्र राजघराण्यातली माणसं अजून होतीच, आणि हंटर व मॉरिसन नावाचे दोन तरुण इंग्रज अधिकारीही. हे दोघं हैदराबादकडून पुण्याला येताना उरुळीजवळ पकडले गेले होते. आधी कांगोरीच्या किल्ल्यावर आणि मग इथं. त्यांना सोडवायला जनरल प्रिट्झलर मार्च संपता संपता आला. किल्लेदार भास्करपंत दाद देईना. तेव्हा समोरच्या जुन्या वासोट्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या. आम्ही वर उभं राहून त्या डोंगराकडे बघितलं. मधे ती प्रचंड दरी, पलीकडं तसाच उभा चढ आणि गच्च रान. तिथं तोफ कशी नेली असेल, याचा अंदाज आमच्यातल्या ट्रॅक्टरवाल्यालाही येईना. पण नेली. गोळे गडावर पडायला लागल्यावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वासोटा संपला. तीन-चार दिवसांत प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं, आणि इंग्रजांनीच १८३९ मध्ये त्यांना त्या गादीवरून उतरवलं. पण तो वेगळा भाग होईल.

प्रिट्झलर तिथून दक्षिणेला मन्रोला जाऊन मिळाला आणि दोघं मिळून मे महिन्यात कुठं आले? सोलापूरला. बाजीरावाचं पायदळ आणि तोफखाना सोलापूरच्या भुईकोटाच्या आडोशाला थांबला होता. १० मे १८१८ ला इंग्रजांनी पेठ घेतली. त्या दिवशी उरलेली फौज तिथून निघाली, आणि पाठलागावर निघाला तो वासोटावाला प्रिट्झलर. सीनेच्या काठापर्यंत त्यानं त्या पायदळाची वाताहत केली. मेच्या मध्याला किल्ला पडला. आपण मंद्रूपहून सोलापूरला निघालो की वडकबाळला सीनेचा पूल लागतो. ती पळापळ नदीच्या नेमक्या कुठल्या उतारावर झाली ते बाजूला ठेवा. पण हीच नदी. पेशवाईच्या पायदळाचा शेवट इथल्या गाळात झाला, आणि आपल्याला मात्र शनिवारवाड्यावर चढलेला झेंडा तेवढा माहीत असतो.

इथपर्यंतचं सगळं मी जाण्याआधीच वाचलं होतं. पुढचं मात्र बोटीत कळलं.

परतीच्या वेळी ऊन कलत होतं. बोट चालवणारे मामा साठीचे असतील. त्यांनी विचारलं, "कुठली मंडळी?" आम्ही म्हणालो, सोलापूरकडची. साधारणपणे यावर लोक चादरीचं नाहीतर शेंगाचटणीचं विचारतात. मामा म्हणाले, "मग आमचीच की. आमचं निम्मं गाव तुमच्याकडंच गेलंय न्हवं."

कोयना धरणाचं काम १९५४ मध्ये सुरू झालं. पुढच्या दहाएक वर्षांत १०३ मीटर उंचीची भिंत उभी राहिली आणि मागं १०५ टीएमसीचा साठा. पाण्याखाली किंवा पाण्याच्या वेढ्यात सुमारे शंभर गावं गेली. या लोकांना शासनानं कुठं पाठवलं? काही सातारा-सांगलीत, काही घाटाखाली रत्नागिरी, ठाणे, रायगडकडे, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्याकडे. आणि काही आपल्या सोलापूर जिल्ह्यात. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ मध्ये. म्हणजे कोयनेची माणसं उठली तेव्हा कायदा नावाची वस्तूच नव्हती. हातात थोडी भरपाई, कागदावर जमीन, आणि तीही अशा मुलखात जिथं आयुष्यभर नाचणी-वरी लावलेल्या माणसाला ज्वारीची पेरणी कशी करतात तेही शिकावं लागणार. पाच हजार मिलिमीटर पावसातून उचलून सहाशेत आणून ठेवलं. कित्येक जण टिकले नाहीत. मुंबईला गोदीत, माथाडीत गेले. काही परत जाऊन पाण्याच्या काठावर, उतारावर, जिथं जागा मिळेल तिथं राहिले.

गंमत म्हणा, क्रूरपणा म्हणा, कोयना नदी स्वभावानं आपल्याच बाजूची. महाबळेश्वरहून दक्षिणेला येते, हेळवाकला पूर्वेकडे वळते, कऱ्हाडला कृष्णेला मिळते. आपली भीमाही पुढं कृष्णेलाच मिळते. धरण झाल्यावर तिच्या पाण्याचा मोठा वाटा डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवला. पोफळीला वीज तयार करून ते पाणी वाशिष्ठीत जातं आणि चिपळूणवरून समुद्राला. पाणी पश्चिमेला गेलं आणि माणसं पूर्वेला, कोरड्यात आली. वीज मात्र आपल्या सगळ्यांच्या घरात आली. कोयनेची एकूण क्षमता १९६० मेगावॉट. मी हे बोलतोय तो माईकसुद्धा त्याच ग्रिडवर चालतो, म्हणून फार सोवळं बोलायची माझी तयारी नाही.

आणि मग १९८५. कोयना आणि चांदोली अभयारण्यं जाहीर झाली. जी माणसं पाण्याच्या वर सरकून राहिली होती, ती आता अभयारण्यात राहत होती. जळण तोडणं, गुरं चारणं, डोंगरउतारावर नाचणी करणं, सगळ्याला परवानगी किंवा बंदी. चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, तिथली गावंही उठली. एकाच घराला आजोबाच्या वेळी धरणानं आणि नातवाच्या वेळी वाघानं उठवलं, अशी उदाहरणं या खोऱ्यांत मिळतात. आपण सोलापूरकरांनी हे समजून घ्यायला काय हरकत आहे? १९७९ मध्ये माळढोकासाठी आपल्या आणि नगर जिल्ह्यातलं साडेआठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र कागदावर अभयारण्य झालं होतं. त्यात गावंच्या गावं, चांगली बागायत शेती आली. जमिनीच्या व्यवहाराला अडचण आली की नान्नज भागातला शेतकरी त्या पक्ष्याला काय म्हणायचा, ते इथं बोलण्यासारखं नाही. ते क्षेत्र पुढं पुष्कळ कमी केलं. माळढोक तोवर जवळजवळ दिसेनासा झाला.

म्हणून वासोट्याच्या पायथ्याशी ते पडकं देऊळ आणि ती जोती बघताना माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. आम्ही ज्याला 'अस्पर्श जंगल' म्हणून फोटो काढत होतो ते अस्पर्श नाही. आंब्याचं झाड जिथं रांगेत आहे तिथं कुणाचं तरी परसू होतं. उतारावर दगडी बांध दिसतात, त्या नाचणीच्या पट्ट्या होत्या. जंगल पुन्हा चढत गेलं ते माणूस काढल्यावर. याचा अर्थ जंगल नको असा नाही. मला तर ते हवंच आहे. माणसं गेलीच आहेत, तर त्यांच्या जागेवर निदान शेकरू नांदतंय, रिसॉर्ट नाही, याचं समाधान वाटतं. पण त्या वाटेवर किल्ल्याची माहिती आहे, प्राण्यांची आहे. 'इथं अमुक गाव होतं, इतकी घरं होती, ती इथं इथं गेली' असा एक फलक मला तरी कुठं दिसला नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या किल्लेदाराचं नाव सापडतं, साठ वर्षांपूर्वीच्या पोलीस पाटलाचं सापडत नाही.

वाघाचं म्हणाल तर २०१८ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात एक टिपला गेला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण आणून चांदोलीत सोडली. सोडायच्या आधी तिला कुंपणाच्या आत ठेवून नव्या जागेची सवय करून दिली, गळ्यात पट्टा घातला, ती कुठं जाते यावर लक्ष ठेवलं. फार शहाणपणाचं काम. हे पुनर्वसन बघून मामांच्या वडिलांना काय वाटलं असतं, असं मी त्यांना विचारणार होतो, पण बोट किनाऱ्याला लागली.

मामांना त्यांचे भाऊबंद नेमके कुठं आहेत ते सांगता येईना. 'पंढरपूरच्या पल्याड' एवढंच. एकेकाळी लग्नकार्याला येणंजाणं होतं, आता तेही नाही. कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांनी साठ वर्षांनंतरही कोयनानगरला ठिय्या दिला, त्यातली एक मागणी अगदी साधी होती: आधी आमच्या याद्या तर नीट करा. कोण उठलं, कुणाला काय मिळालं, कोण राहिलं.

तर ऐकणाऱ्यांना एक विनंती. आपल्या जिल्ह्यात 'कोयनेवाले', 'धरणग्रस्त', 'घाटावरचे' अशा नावानं ओळखल्या जाणाऱ्या वस्त्या आहेत. तुमच्या गावाजवळ असेल, किंवा तुम्ही स्वतः त्यातले असाल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तीन गोष्टी विचारून आम्हाला आवाजात पाठवा. जुन्या गावाचं नाव काय? येताना ग्रामदैवत बरोबर आणलं की तिथंच राहिलं? आणि पहिल्या वर्षी इथं काय पेरलं? आमच्याकडे सध्या एकच नाव आहे, मामांनी सांगितलेलं. ते इथं मुद्दाम घेत नाही. तुमच्याकडून तेच नाव आलं, तर बामणोलीला फोन मी स्वतः लावीन.